उंबरा नव्हता तिथे

१

आदिनाथ सुट्टीवर आला की पहिले दोन-तीन दिवस घरात नुसतं हसणं चालायचं. माझा नवरा नौदलात आहे, एका लढाऊ जहाजाच्या इंजिनरूममध्ये. विशाखापट्टणमहून निघून, सिकंदराबादला गाडी बदलून तो परतूरला उतरायचा, तिथून आष्टीला घरी यायचा. पण अंग जहाजावरच राहिलेलं असायचं. अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचा. एवढ्या रुंद दिवाणावर कडेला अंग चोरून झोपायचा, कारण तिकडे एकावर एक तीन फळ्या, कूस बदलली तर नाक वरच्या फळीला घासतं. जेवायला बसला की ताट बघता बघता रिकामं. आणि कुठल्याही दारातून जाताना मान खाली, पाय गुडघ्याएवढा वर.

"जहाजात दाराला उंबरा राहतो हा एवढा," नडगीवर आडवा हात धरून तो दाखवायचा. "लोखंडी. एका खोलीतलं पाणी दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून. नवीन पोरं पहिल्या महिन्यात नडग्या फोडून घेतात."

"इथं कुठं समुद्र येऊन राह्यला आष्टीत?" आत्या म्हणायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, नंदाबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं नाव तातेराव. आम्ही घरात एवढेच, आणि वर्षातून महिनाभर आदिनाथ.

घर नवीन आहे, परतूर रस्त्याला, मागे आमचंच शेत. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही. ते आत्यांनीच ठरवलं होतं. गवंडी नको म्हणत होता, पण त्यांना भाकरी थापता थापता टीव्ही दिसायला पाहिजे होता आणि आलेला माणूसही. म्हणून एकच लांब खोली. पुढच्या निम्म्या भागात दिवाण आणि टीव्ही, मागच्या निम्म्यात ओटा, फ्रीज आणि परसात उघडणारं दार. मधली फरशी सपाट, रिकामी.

गेल्या वर्षी, चैत्रात तो आला तेव्हा त्या रिकाम्या जागेत तो पाय उचलायला लागला.

२

आधी मीही हसले. दारात पाय उचलणं समजू शकतं, पण हा खोलीच्या मध्यावर येऊन मान खाली घालायचा, पाय वर घ्यायचा आणि पलीकडे ठेवायचा. पाणी प्यायला जाताना तसंच, परत येताना तसंच. नेहमी एकाच जागी. ओट्याच्या अलीकडे एका फरशीचा कोपरा उडालाय, त्याच्या बरोबर रेषेत.

"अरे, इथे काय आहे?" मी विचारलं.

त्याने खाली पाहिलं. "काय न्हाई. सवय."

"सवय दोन दिवसांत जायची तुझी."

"यावेळी जास्त दिवस समुद्रात होतो," तो म्हणाला, आणि बोलता बोलता पुन्हा पाय उचलून पलीकडे गेला.

मी शास्त्र शिकलेली आहे. लग्नाआधी जालन्यात शिकवणीही घ्यायची. मी स्वतःला समजावलं की शरीराला जागेची आठवण राहते, अंधारात आपण बटण शोधतो तसं. झाडताना मुद्दाम त्या रेषेवरून झाडू फिरवला. कुठे अडला नाही.

दुपारी मी त्याच्याकडून जहाजाबद्दल काढून घेतलं. कुठे काही अपघात झाला असेल, त्याने लपवला असेल, असं मला वाटत होतं. तो मोकळेपणाने बोलला. इंजिनरूममध्ये भट्टीसारखं तापतं, कानाला कायम आवाज, वरच्या डेकवर आलं की ऊन आहे की चांदणं हे बघून वेळ कळते. धुतलेले कपडे वाळत नाहीत, सगळ्याला डिझेलचा वास. मेसमध्ये बटाट्याची भाजी आली की मराठी पोरं ताटाभोवती जमतात आणि आपल्या आयांच्या हातच्या जेवणाच्या गोष्टी काढतात.

"आणि सराव असतो," तो म्हणाला. "पाणी शिरलं असं समजायचं आणि दारं लावून घ्यायची. जाड पोलादी दार, चारी बाजूंनी खिट्ट्या. एकदा लावलं की हुकूम येईपर्यंत उघडायचं न्हाई."

"आत कोणी राहिलं तर?"

"तरी न्हाई. एक खोली गेली तर चालते. दार उघडलं तर सगळं जहाज जातं." हे त्याने असं सांगितलं, जसं मामा सांगतात की ढेकळं फुटल्याशिवाय पेरायचं नसतं. "पण आपल्याकडं खरं कधी झालं न्हाई. बिलकुल न्हाई. नुसता सराव."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा मला कळतो.

३

कुरडयांचे दिवस होते. आत्या गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन ओट्याकडून पुढे येत होत्या, गच्चीवर जायला. मी दिवाणापाशी चादर शोधत होते. आवाज आला म्हणून वळले तर आत्या रिकाम्या फरशीवर पालथ्या पडलेल्या, चीक सगळीकडे पसरलेला.

मी त्यांना उठवलं, बसवलं. त्या रडत नव्हत्या, मागे वळून बघत होत्या.

"काय लागलं गं इथं?"

"पाय घसरला असेल, आत्या."

"घसरला न्हाई. अडकला."

लुगडं वर घेतलं तर दोन्ही नडग्यांवर एकेक आडवी जखम, एकाच उंचीवर, पट्टीने आखल्यासारखी. मी हळद लावताना तिथून काहीतरी निघून बोटाला चिकटलं. करड्या रंगाचा पोपडा होता, तेलरंगाचा, जाड, थरावर थर दिलेला. आमच्या घरात करडा रंग कुठेच नाही.

आदिनाथने तो पोपडा हातात घेतला, नखाने उलटापालटा केला आणि खिशात ठेवला.

त्यानंतर आत्याही तिथे पाय उचलायला लागल्या. मग मामा. मला स्वतःला कधी लागलं ते आठवतं. फ्रीजमधून दूध आणत होते. पायाला आधी गार लागलं, मग टणक. मी जागच्या जागी थांबले, हळूच पाय वर घेतला आणि पलीकडे टाकला. खाली नुसती फरशी दिसत होती. हाताने चाचपलं तर तिथे काहीच नव्हतं. हाताला, झाडूला ते कधी लागायचं नाही. चालत्या पायालाच लागायचं.

कोणी त्याबद्दल बोललं नाही, हे मला आता सगळ्यात विचित्र वाटतं. घरात एखादी पायरी असावी तसे आम्ही राहत होतो. शेजारच्या बेबीनंदा मावशी साखर मागायला आल्या, सरळ चालत ओट्यापर्यंत गेल्या, सरळ परत आल्या. त्यांना काहीच लागलं नाही. मग त्या दिवाणावर टेकल्या आणि आमच्या येरझारा बघत राहिल्या.

"काहून असे चालू राह्यले तुम्ही सगळे?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाल्या, "सवय लागली."

४

जांब समर्थचा सोमेश्वर आदिनाथच्याच जहाजावर आहे. लग्नात भेटला होता, त्याचा नंबर माझ्याकडे होता. आदिनाथ मामांबरोबर शेतात गेला तेव्हा मी परसात उभी राहून सोमेश्वरला फोन लावला. जहाज बंदरात होतं, लागला.

मी आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हटलं, "भाऊजी, जहाजावर काही झालंय का? ह्यांना काही त्रास?"

"न्हाई वहिनी. सगळं बराबर आहे."

"मग हे घरात..." मला शब्द सापडेना. "चालताना पाय..."

पलीकडे कुठलातरी कर्णा वाजला, कोणीतरी हिंदीत काही पुकारलं.

"तुमच्या पायाला लागलं का?" त्याने हळू विचारलं.

"हो."

"आदिनाथला जल्दी परत पाठवा."

"तुमच्याकडेही होतं हे?"

"मी दोन वर्षं झाली घरी गेलो न्हाई, वहिनी. सुट्टी आली की इथंच खोली घेऊन राहतो."

"आणि तुमच्या आई? त्या बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे माय. म्हणून तर जात न्हाई," सोमेश्वर म्हणाला, आणि ड्यूटीचं कारण सांगून त्याने फोन ठेवला.

५

त्या संध्याकाळी मी विषय काढला. म्हटलं, राहिलेली सुट्टी आम्ही दोघं जालन्याला माझ्या माहेरी काढतो. आत्यांनी भाकरी तव्यावर तशीच सोडली.

"वर्षाचं बारा महिने मी याची वाट बघते. आन् तू त्याला जालन्याला नेती?"

"आत्या, तुम्हाला लागलं त्या दिवशी..."

"लागलं तर लागलं. माझं लेकरू आल्तं म्हणून लागलं. जाईल तेव्हा जाईल."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. आदिनाथ मान खाली घालून जेवत होता. शेवटी दोन दिवस अजून थांबून मग जायचं असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला, आणि त्यांच्या आवाजाखाली इतके दिवस दडलेला दुसरा आवाज उघडा पडला. जमिनीतून येणारी घरघर. दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी, पण तळपायाला जाणवणारी. मी भिंतीला कान लावला. भिंत थरथरत होती. डिझेलचा वास होता, आणि ओल्या, न वाळलेल्या कपड्यांचा.

आदिनाथ दिवाणावर झोपला होता. इतका गाढ तो या सुट्टीत पहिल्यांदाच झोपलेला पाहिला. आत्या मागे ओट्यापाशी डाळ निवडत होत्या. मामा शेतावर होते.

मग घरघर थांबली. आणि आदिनाथ उठला.

६

त्याचे डोळे उघडे होते. तो धावला नाही, पण एकही पाऊल वाया न घालवता त्या जागी गेला आणि हवेतलं काहीतरी ओढायला लागला. खूप जड असावं, मानेच्या शिरा फुगल्या. ते बसल्यावर त्याने वरून सुरुवात केली. एक खिट्टी फिरवली, मग समोरची, मग त्याखालची. प्रत्येकीवर अंगाचा भार टाकून. शेवटची गुडघ्यावर बसून लावली आणि ताठ उभा राहिला.

"आदिनाथ," मी हाक मारली. त्याने ऐकलं नाही.

पलीकडे आत्या दिसत होत्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघून काही बोलल्या, ओठ हलले. आवाज आला नाही. त्या उठून पुढे आल्या आणि त्या रेषेवर थांबल्या. एक तळवा हवेत सपाट टेकवला, मग दुसरा.

मी धावत जाऊन त्याच्या शेजारी हात घातला, आणि यावेळी हाताला लागलं. गार, ओलसर लोखंड. मी चाचपत एक खिट्टी धरली, ओढली, लटकले तिला. आदिनाथने माझी बोटं एकेक करून सोडवली, तव्याजवळ गेलेल्या लेकराचा हात बाजूला घेतात तशी, हळूच.

"आई आहे तिकडं," मी ओरडले. "तुझी आई आहे."

"हुकूम न्हाई," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

आत्यांनी खाली पाहिलं. मग दोन्ही हातांनी लुगडं थोडं वर धरलं, ओढा ओलांडताना धरतात तसं. थोड्या वेळाने अजून वर धरलं. फरशी मला कोरडी दिसत होती. पण त्यांचा पदर मागे उचलला गेला आणि कमरेच्या उंचीवर आडवा पसरून हलायला लागला.

मी पुढच्या दाराने बाहेर पडले आणि घराला वळसा घालून परसातल्या दाराकडे पळाले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले.

ओटा होता. फ्रीज होता. सुपात अर्धी निवडलेली डाळ होती. आत्या नव्हत्या. समोर, खोलीच्या त्या बाजूला, आदिनाथ दिवाणावर पाठ करून झोपलेला होता. मी सरळ चालत त्याच्यापर्यंत गेले, माझ्या पायाला काहीच लागलं नाही. तेवढ्यात लाईट आली आणि पंखा फिरायला लागला.

७

विहिरी बघितल्या. नाला बघितला. परतूर, जालना, परभणी, सगळ्या पाहुण्यांकडे फोन झाले. पोलिसांनी चांगली चौकशी केली, फोटो लावले. आदिनाथने रजा वाढवून घेतली आणि उन्हातान्हात मोटरसायकलवर गावोगाव हिंडला. मी त्याला सगळं सांगितलं होतं. तो ऐकून म्हणाला, "मी झोपेत होतो, तृप्ती. मला उठवायचं होतं." मग त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. रजा संपली तसा तो गेला.

मामांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. मी बोलत असताना ते त्या उडालेल्या फरशीकडे बघत होते.

मी जालन्याला माहेरी आले. मामांना म्हटलं, तुम्हीही चला. ते नको म्हणाले. शेत आहे, घर आहे. पंधरा-वीस दिवसांनी मी डबा घेऊन जायची. ते स्वयंपाक करून खायचे, घर झाडलेलं असायचं. प्रत्येक वेळी मला दाखवून ते त्या जागेवरून चालायचे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाय घासत.

"तो गेला तसं गेलं बघ," ते म्हणायचे. "उंबरा त्याच्यासंगं येतो."

मला वाटलं ते समाधानाने म्हणतायत.

यावर्षी चैत्र लागायच्या आधी त्यांचा फोन आला. "आदी येऊन राह्यला. मीच बोलावलं. तू बी ये."

"मामा, त्याला नका बोलावू."

"दार आल्याबिगर दाराच्या पलीकडं कसं जायचं?" ते म्हणाले.

८

परतूर स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेले. वाळला होता. गाडीत बसायच्या आधी, सामान हातात धरून त्याने विचारलं, "मी केलं का गं ते?"

मी त्याची बॅग घेतली.

घरी मामांनी आपली खाट मागच्या भागात, ओट्याच्या शेजारी टाकली होती. परसातल्या दाराला आतून कडी, कडीला कुलूप. मी ते बघितलेलं त्यांनी बघितलं.

"तू या बाजूला राह्य," ते मला म्हणाले. "आन् मधी पडू नको. तुला माझ्या गळ्याची आण आहे."

मी भांडले. दोन दिवस मी भांडत होते. आदिनाथला झोपू दिलं नाही, चहा करून पाजत राहिले, सतत बोलत राहिले, अंगणात बसवून ठेवलं. तो स्वतःही झोपायला भीत होता, डोळ्यांना पाणी लावत होता. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मामा दिवाणावर त्याच्या उशाशी येऊन बसले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोरगा तिशी ओलांडलेला, नौदलातला गडी, तो लहान मुलासारखा पडून राहिला.

"झोप रे," मामा म्हणाले. "तुझी काही चूक न्हाई. दमला तू. झोप."

ते त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिले. तो झोपला तसं त्यांनी त्याचं डोकं उशीवर ठेवलं, उठले, त्या रेषेशी पाय उचलला आणि पलीकडे जाऊन खाटेवर बसले. मला कळायला हवं होतं की आता ओढून आणावं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि खालची घरघर थांबली.

पुढचं सगळं पोलिसांना सांगून झालं आहे. परसातल्या दाराचं कुलूप आतून तसंच होतं. खाट जागेवर होती, वरची गोधडी कोरडी होती. मामांचा अजून पत्ता नाही. आदिनाथ जहाजावर आहे आणि आता सुट्टी घेत नाही. घराला कुलूप आहे, शेत बटईने दिलं आहे.

पण मी जे बघितलं ते लिहून घ्यायला पोलिसांकडे जागा नव्हती, म्हणून इथे सांगते. आदिनाथने शेवटची खिट्टी लावली आणि ताठ उभा राहिला. मी आण पाळली, मधे पडले नाही. पलीकडे मामा खाटेवर पाय जवळ घेऊन बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी धोतर आवरून मांडीत खोचलं. दाराकडे आले नाहीत, हात टेकवले नाहीत. त्यांची नजर फ्रीजच्या बाजूच्या कोपऱ्यावर होती, जिथे मला काहीच दिसत नव्हतं. मग ते काहीतरी बोलले, छोटंसं, घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

आणि जरासे सरकले, खाटेवर एका माणसापुरती जागा करून.